पोरं पळायला शिकतायत, पंचनामा कोण शिकवणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझी थोरली पोर बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला पोलिसातच जायचंय. पहाटे साडेचारला उठते, मी गाडीवरनं तिला ग्राउंडवर सोडतो, आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मग अकॅडमीत लेखीचा तास, आणि कॉलेजला जाते ती नुसती हजेरी आणि परीक्षेपुरती. एकदा विचारलं कॉलेजात काय चाललंय तर म्हणाली, "पप्पा, त्याचा भरतीला काय उपयोग नाय." तिचं ते बोलणं तेव्हापासून डोक्यातनं जात नाही.

पोरगी चुकीचं बोलत नाही. शिपाई भरतीला बारावी पास लागतं, ग्राउंडला ५० मार्क, लेखीला १०० मार्क. ग्राउंड आधी, त्यात मेरिटला आलेल्यांना जागांच्या दहापट लेखीला बोलवतात आणि लेखीत गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि जीके. कायद्याचा असा वेगळा पेपरच नाही. मग आमच्या भागातली पोरं तीन-तीन, चार-चार वर्षं हेच करतात, निवड झाली तर गुलाल, नाही झाली तर वय निघून गेलेलं आणि हातात एक डिग्री जिच्यातलं काही आठवत नाही.

आता मला हे का खटकलं ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली, केबल कापून नेली. पंचनाम्याला एक नवीन शिपाई आला, पंचविशीतला असेल, पोरगा स्वभावानं चांगला. मी आणि शेजारचे अण्णा पंच. त्यानं चतुःसीमा लिहायला घेतली, पूर्वेस काय पश्चिमेस काय, आणि दोनदा दिशाच उलट्या लिहिल्या, कागद फाडला, परत लिहिला. केबलचा तुकडा राहिला होता तो जप्त करायचा तर त्याचं शूटिंग करावं लागतं, नवीन कायद्यात तसं आहे, आणि तो एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हातानं पिशवीला लेबल लावत होता, शेवटी मोबाईल मीच धरला. तुकडा कुठं पडला होता, किती फुटावर, कुणी उचलला, हे शूटिंगमध्ये आलंच नाही. तो पोरगा घामाघूम झाला होता हो. मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं. ट्रेनिंग त्याचंही झालंच असणार, आमच्या तालुक्यातच तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, पण त्याआधीची कॉलेजची तीन वर्षं त्याला एफआयआर म्हणजे काय, पंच कशाला लागतो, कोर्टात वकील पंचनाम्यातली कुठली ओळ धरून आरोपीला सोडवून नेतो, हे कुणी एकदा तरी सांगितलं असतं तर?

आणि आता तर १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेच बदललेत. भारतीय न्याय संहिता आली, नागरिक सुरक्षा संहिता आली, साक्ष अधिनियम आला. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यानं जागेवर यायचं असं त्यात आहे. मग फॉरेन्सिकची माणसं लागणार की नाही? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला त्याच्या सरकारी संस्था आहेत, पण आमच्याकडच्या बीएस्सीच्या किती पोरांना हे माहिती आहे?

खाकी म्हणजे शिपाई आणि पीएसआय एवढंच आमच्या पोरांना दिसतं. कारागृह शिपाई आहे, सरकारी वकील आहे, कोर्टातला क्लार्क आहे, जेलऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या माणसावर लक्ष ठेवणारा परिविक्षा अधिकारी आहे, बाल न्याय मंडळ आहे, गरिबाला फुकट वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. जेल म्हटलं की सांगलीकराला १९४३ साली वसंतदादांनी तुरुंग फोडला ते आठवतं, पण आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला १९३९ पासून, औंध संस्थानच्या काळापासून, भिंत नसलेली कैद्यांची वसाहत आहे, तिथं कैदी बायकापोरांसोबत राहून शेती करतात, हे किती कॉलेजांनी आपल्या पोरांना नेऊन दाखवलंय? एवढी मोठी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात आणि आपण सहली काढतो गोव्याला.

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांनंतर कॉलेजातच पब्लिक सर्व्हिसेस म्हणून कोर्स घेता येतो, त्यात पोलीस, फायर ब्रिगेड, अँब्युलन्स, जेल, लष्कर या सगळ्यांची कामं कशी चालतात ते शिकवतात, शिवाय कायदा आणि फिटनेस. आपल्याकडं नवीन कोर्सला मंजुरी, स्टाफ, सगळं आलं, ते मला कळतं. पण नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आणि स्किलचे विषय आलेच आहेत ना, मग त्यातच बसवा की. सांगली-साताऱ्याच्या प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पोरांना पंधरा दिवस कोर्टात बसवा, ठाण्यात स्टेशन डायरी कशी लिहितात ते दाखवा, रिटायर्ड फौजदार आणि वकील प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना तासाला बोलवा, बोलवलं तर ते आनंदानं येतील. भरती नाही झाली तरी पोरगं वकिलीला जाईल, समाजकार्याची एमएसडब्ल्यू डिग्री करेल, निदान ठाण्यात गेल्यावर आपली फिर्याद नीट तरी सांगेल. अकॅडमीवाल्यांनाही माझा विरोध नाही, ते पोरांना घासून घेतात, पण ते ग्राउंड आणि लेखीचे पैसे घेतात, नोकरी लागल्यावर काय करायचं ते त्यांचं काम नाही.

माझी थोरली तर आता शेवटच्या वर्षाला जाईल, तिला कदाचित याचा फायदा होणार नाही. धाकटी अकरावीला आहे, तिलाही खाकीच घालायचीय. कुठल्या कॉलेजनं पोरांकडनं पंचनाम्याचा सराव करून घ्यायचं मनावर घेतलं तर आमची विहीर आहे, कापलेल्या केबलचं टोक अजून खांबाला तसंच लोंबतंय, मी आणि अण्णा पंच म्हणून थांबतो, पाहिजे तितक्या वेळा पोरांनी लिहावं.

आपला,
एक पालक,
ता. तासगाव, जि. सांगली