एका देहातले ‘आम्ही’

संपादक महोदय,

एका देहात अनेक ‘मी’ नांदणाऱ्यांना सोंगाडे ठरवणे अन्यायाचे आहे. मनोविकारांचे निदान ठरवणाऱ्या अमेरिकी नियमावलीने (डीएसएम) १९९४ साली या विकाराचे ‘बहुव्यक्तिमत्त्व’ हे नाव बदलून ‘विघटित ओळख विकार’ असे केले. २०१३ च्या आवृत्तीत, काही संस्कृतींत हा अनुभव अंगात येण्यासारखा वर्णिला जातो, अशी नोंद आली (आपल्याला ते नवे नाही).

माझी मावसबहीण स्वतःला ‘आम्ही’ म्हणते. देहाचा ताबा एका ‘मी’कडून दुसऱ्याकडे जाताना ती हातातला कप धरून थबकते आणि नेहमीचाच चहा तिला अचानक फार गोड लागतो. कधी आतला दुसरा सारे पाहत असतो, कधी मधले दोन तास आठवतच नाहीत, म्हणून स्वयंपाकघरातल्या वहीत तीन वळणांच्या अक्षरांत एकमेकांसाठी निरोप असतात. परवाचा निरोप होता : ‘गॅसचे पैसे दिले, पुन्हा देऊ नका.’

– एक वाचक, पुणे