आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: नऊ तारखेच्या रांगेत डोळ्याचा पडदाही तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी ऐरोलीत राहते, माझी धाकटी बहीण कळव्याला. सोळाव्या वर्षापासून ती इन्सुलिन घेते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा घरात आनंद होता आणि धाकधूकही. म्हणून एकही तपासणी आम्ही चुकवली नाही. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, साखर, सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे. डोळ्यांविषयी कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही.

सातव्या महिन्यात ती ठाणे-वाशी गाडीने माझ्याकडे आली आणि जिना उतरतानाच म्हणाली, "ताई, डाव्या डोळ्यापुढे कोळिष्टक आल्यासारखं दिसतंय." आईने समजूत घातली, पोटुशी बाईची नजर थोडी मंदावतेच.

आईचं सगळंच चुकलं नव्हतं. या काळात अंगात पाणी धरतं, डोळ्याचा पुढचा पारदर्शक भागही किंचित जाड होतो, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो आणि बाळंतपणानंतर बहुधा पूर्ववत होतो. घात इथेच होतो. हा निरुपद्रवी धूसरपणा कोणता आणि डोळा घालवणारा कोणता, हे त्या बाईला स्वतःला कळू शकत नाही. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, पाहिल्याशिवाय ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

त्या समजुतीत आमचे चार दिवस गेले. मग नेत्रतज्ज्ञांनी पडद्याचा फोटो समोर धरला. जुन्या मधुमेहाने कमकुवत झालेल्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटून आल्या होत्या आणि त्यांतून रक्तस्राव झाला होता. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, संप्रेरकं बदलतात, आणि केसाहून बारीक वाहिन्यांना तो भार झेपत नाही. शिवाय बाळासाठी साखर लवकर आटोक्यात आणावी लागते. ती झपाट्याने उतरली की पडद्याचं दुखणं काही काळ उलट बळावू शकतं. साखर उतरवणं योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याआधी एकदा पडदा पाहून ठेवायला हवा होता. डोळ्यात द्यायची इंजेक्शनं या अवस्थेत शक्यतो टाळतात. लेझर मात्र करता येतं, ते केलं. उजवा डोळा वाचला. डाव्याने ती आता बाळाचा चेहरा ओळखते, पण औषधाच्या बाटलीवरचं वाचू शकत नाही.

महोदय, मी कुठल्या डॉक्टरांवर किंवा परिचारिकेवर दोष ठेवत नाही. एवढ्या गर्दीत ज्याची नोंद मागितली जाते तेच तपासलं जातं. म्हणून ही नोंद मागा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. २०१६ पासून बायकांच्या ती तारीख अंगवळणी पडली आहे. जिला आधीपासून मधुमेह आहे, तिचा पडदा पहिल्या तीन महिन्यांत, मग प्रत्येक तिमाहीत पाहिला जावा. सगळ्याच गरोदर बायकांची ही तपासणी करा असं मी म्हणत नाही. ज्यांची साखर गरोदरपणातच पहिल्यांदा वाढते, त्यांना सहसा तिची गरज नसते. म्हणजे रांग लहान आहे. बाहुली मोठी करणारे थेंब न घालताही पडद्याचा फोटो घेणारे कॅमेरे आता मिळतात. मुरबाड-शहापूरला काढलेला फोटो ठाण्यातल्या नेत्रतज्ज्ञांना पाहता येईल. त्यासाठी त्या बाईला एसटीने पोट सांभाळत इथवर यायला नको.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची, आणि तिला कॅमेराही लागत नाही. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर जाऊन प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा धोकादायक आजार, झाला, तर पडद्यावरच्या धमन्या आकसू शकतात, क्वचित पडद्याखाली पाणीही साचतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधारी येते. बाळंतपणानंतर ही नजर बहुतेकींना परत मिळते, पण त्याआधी झटके आले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. आशाताई घरी येतात तेव्हा पाय सुजलेत का, हे विचारतात. "नीट दिसतंय ना? डोकं दुखतंय का?" हेही त्यांनी दर वेळी विचारावं आणि उत्तर वाईट आलं तर बाईला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावं. दिघा, तुर्भे, रबाळेच्या वस्त्यांत अशी लक्षणं "अशक्तपणा" म्हणून अंगावर काढली जातात, हे मी स्वतः शेजारात पाहिलं आहे.

बहिणीची मुलगी आता पाच महिन्यांची आहे. बाळंतपणानंतरही वर्षभर पडद्यावर लक्ष ठेवावं लागतं. पुढच्या तपासणीची तारीख आम्ही तिच्या कार्डाच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहून ठेवली आहे.

कळावे,
ऐरोलीतील एक नागरिक