द्राक्षांच्या भावात जातही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बाजारभावाच्या रकान्यात 'द्राक्षे' म्हणून एकच भाव असतो. लक्ष्मीपुरीत फळांचा गाडा लावणाऱ्या माझ्यासारखीचं त्यावर भागत नाही. गिऱ्हाईक पेपर पुढं धरून सोनाका जातीची द्राक्षं तास-ए-गणेश जातीच्या दरात मागतं!

तास-ए-गणेश, माणिक चमन, सोनाका या तिन्ही थॉमसन या मूळ जातीच्याच घराण्यातल्या, बिनबियांच्या. तास-ए-गणेश आपल्या शेजारच्या तासगाव भागातली, सोनाका सोलापूरकडच्या नान्नजची. तिचा मणी बोटासारखा लांब. काळी शरद मात्र किशमिश चोर्नी या वेगळ्या जातीतून निघालेली. सासूबाई अजून बियांची अनाबशाही मागतात, ती कुठनं आणू?

हिरव्या जातीचा मणी जरा पिवळसर झाला की साखर भरली समजा. देठ तपकिरी, सुकलेला दिसला तर माल शिळा. आणि मण्यावरचा पांढुरका थर बघून लगेच 'औषध मारलंय' म्हणू नका. तो बहुतेकदा सालीचं स्वतःचं मेण असतो. धुऊन खावीत, हे खरंच.

तरी भावापुढं जातीचं नाव छापावं, मोठी जागा लागत नाही.

आपली,
एक फळविक्रेती, कोल्हापूर