ईस्टरचं अंडं चॉकलेटच्या आधीपासूनचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टर, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, जवळ आला की आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या बेकऱ्यांच्या काचेआड चमकत्या कागदातली चॉकलेटची अंडी दिसू लागतात. त्याबरोबरच एक बोलणंही दरवर्षी कानावर येतं, की अंडं हे कंपन्यांनी आणलेलं खूळ आहे, ख्रिस्ती श्रद्धेशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतले जाणते लोकही असं म्हणू लागलेत, म्हणून लिहिते आहे.

चॉकलेटचं अंडं खरंच अलीकडचं. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते १८७३ मध्ये काढलं, कॅडबरीने १८७५ मध्ये. पण इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२९० सालच्या घरखर्चात ईस्टरसाठी घेतलेल्या ४५० अंड्यांची नोंद आहे, किंमत १८ पेन्स. रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून ती वाटायची होती. तेव्हा चॉकलेट युरोपला माहीतही नव्हतं.

ही प्रथा उपवासातून वाढली. मध्ययुगात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत आणि कोंबड्या तर नेमक्या वसंतातच भरपूर अंडी घालतात. साठलेली अंडी उकडून ठेवत आणि ईस्टरला उपवास सुटला की त्यांचाच मान पहिला. पोलंडमध्ये आजही आदल्या शनिवारी अंड्यांच्या टोपल्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात.

अर्थ तर लहान मुलालाही कळेल असा आहे. बाहेरून अंडं निर्जीव, दगडासारखं बंद. आणि त्यातूनच पिल्लू कवच फोडून बाहेर येतं. ख्रिस्ताची कबर तशीच बंद होती आणि तिसऱ्या दिवशी ती रिकामी सापडली. ग्रीक घरांत ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी अंडी लाल रंगवतात. तो लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा. मग ईस्टरला दोघं जण अंड्यावर अंडं आपटतात. एक म्हणतो, ‘ख्रिस्त उठला आहे’, दुसरा म्हणतो, ‘खरोखर उठला आहे’. इतकं सरळ प्रवचन मी दुसरं ऐकलेलं नाही. युक्रेनमधल्या बायका मधमाशीच्या मेणाने अंड्यावर नक्षी काढून, बाटिकसारखं एकेका रंगात बुडवत जातात. युनेस्कोने २०२४ मध्ये ती कला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

अंडं हे नव्या जीवनाचं चिन्ह ख्रिस्ती धर्माच्या आधीही होतं, इराणात नवरोजला आजही अंडी रंगवतात, असा आक्षेप निघतो. निघू दे. दिवासुद्धा आपल्या आधीचाच आहे, म्हणून वेदीवरून कुणी तो उतरवला नाही.

नागपुरात तर रंग विकत आणायची गरजच नाही. मंगळवारी बाजारातले कांदेवाले सुकी सालं हसत देतात. पांढरी अंडी त्या सालांच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून उकळली की गडद तांबूस होतात. अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून मलमलीत घट्ट बांधलं तर पानाचा फिकट ठसा उमटतो आणि फडकं सोडताना संडेस्कूलची मुलं अक्षरशः ओरडतात. होळीसाठी वाळवलेली पळसाची फुलं उरली असतील तर त्यांचा केशरी-पिवळा रंगही धरतो. ज्या झाडाने आपल्या विदर्भाचा फाल्गुन रंगतो, त्याच झाडाचा रंग पुनरुत्थानाच्या अंड्यावर यावा, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्या बालपुरवणीत ईस्टरच्या आठवड्यात ससा आणि चॉकलेटच्या चित्राऐवजी ही कृती छापावी, एवढी विनंती. सोबत एक सूचना जरूर द्या: युरोपच्या थंडीत उकडलेली अंडी टेबलावर मांडून ठेवतात, आपल्या एप्रिलच्या उन्हात तसं करू नये. बघून झाली की फ्रीजमध्ये ठेवावीत, नाहीतर लगेच मीठ-मिरपूड लावून खाऊन टाकावीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सदर, नागपूर