पेन्सिलवाल्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

नाव कुठे टाकायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून टाकत नाही. पण देवळाली कॅम्पात संध्याकाळी ज्या खिडकीतून सॅक्सोफोन ऐकू येतो, त्या खिडकीतल्या माणसाला हे पत्र कुणाला आहे ते बरोबर कळेल. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बाई, चहा सांगा" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय.

गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचा आश्रम ज्या गावात होता त्या नाशकातली मी विशारद झालेली बाई. पेटी माझी, तबला थोडाफार, आणि सूर लिहायची लिपी विचाराल तर भातखंडे. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या संचलनापुरती ट्रम्पेट, युफोनियम, सॅक्सोफोन अशी वाद्यं वर्षभर कपाटात पडून असायची. यंदा मुलांनीच हट्ट धरला, जाझ वाजवायचं. मी हो म्हटलं आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडले. एका सुरावटीच्या बारा झेरॉक्स काढून वाटल्या आणि म्हटलं, वाजवा. वर्गात कावळ्यांची शाळा भरली! ट्रम्पेटवाल्यानं 'सी' वाचून वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, आणि आल्टो सॅक्सोफोनचा तोच 'सी' निघतो ई फ्लॅट, हे मला कुणी सांगितलं होतं? प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहिलेला असतो, हे मला तुमच्याकडून कळलं.

त्याआधी असे कागद शोधायला ज्यांच्याकडे गेले त्यांचंही थोडं सांगते, कारण ते अजून घशाखाली उतरलेलं नाही. एका विक्रेत्यानं "हाच सगळीकडे जातो" म्हणून चौथ्या ग्रेडचा, म्हणजे बराच अवघड, कागदांचा संच गळ्यात मारला. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास, ड्रम्स: सतरा जणांचं ताट, आणि आमच्याकडे पोरं अकरा. पहिल्या ट्रम्पेटच्या कागदावर पाच रेघांच्या डोक्यावर आणखी दोन आखूड रेघा जोडून बसवलेले सूर, म्हणजे फारच उंच. परत करायला गेले तर "पाकीट फोडलंत ना" हे उत्तर. दुसरे एक जाणकार फोनवर हसले. म्हणाले, "नाशकात जाझ कशाला? सिनेमाची गाणी वाजवा, पालक खूश." पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या हाताखाली चिक चॉकलेटसारखा जाझचा ट्रम्पेटवाला काम करत होता, तो सिनेमाच होता ना? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं.

आणि मग तुम्ही आलात. कॅम्पातून सिटीलिंकच्या बसनं, खांद्याला शबनम, खिशाला पेन्सिल. मी बजेटचा आकडा सांगायला लागले तर तुम्ही हातानंच थांबवलंत. "कागद नंतर. आधी मुलं दाखवा." प्रत्येकाला खुर्चीवर बसवून त्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर वाजवून घेतलात. ओढूनताणून लागतो तो नाही, दमल्यावरही लागतो तो. सगळं एका वहीत. पलटणीच्या बँडात उभी हयात काढलेला माणूस शाळेतल्या पोरांपुढे वही धरून बसलाय, हे बघूनच आमचे शिपाईमामा दारात उभे राहिले.

कागदांची निवड कशी केलीत ते सगळं इथे मांडत बसत नाही. एवढंच सांगते, की वाद्यं कमी असली तरी उभं राहील असं लिखाण, पियानोच्या कागदावर नुसती कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, नावं नाहीत तर बोटं कुठे ठेवायची तेही, आणि सोलो, म्हणजे एकट्यानं आयत्या वेळी रचून वाजवायचा तुकडा, करायला घाबरणाऱ्यासाठी तयार लिहिलेला सोलो, या तीन गोष्टी नसतील तो संच तुम्ही बाजूला सारत होतात. शेवटी हातात राहिलं त्यात अमेरिकन जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं 'सी जॅम ब्लूज' होतं, १९४२ चं. अख्ख्या धुनेत सूर दोन. माझ्या भाषेत पंचम आणि षड्ज, बस्स. मी म्हटलं, एवढंच? तुम्ही म्हणालात, "बाई, दोन सुरांत झोका आला तर पुढचं सगळं येतं." झोका म्हणजे, कागदावर सारखे दिसणारे दोन सूर, पण पहिला रेंगाळतो, दुसरा धावत येऊन गाठतो. आमच्याकडेही ठेका लिहिलेला एक असतो आणि हाताखालून निघतो वेगळाच. तिथे मला जाझ पहिल्यांदा ओळखीचं वाटलं.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही.

आठवीतला तो ट्रम्पेटवाला आठवतोय? दातांना तार लावलेला. वरचा सूर घेतला की ओठ आतून कापायचा, आणि रुमालाला रक्त लागलं की तो रुमाल लपवायचा. त्याला आधीच्या एका शिक्षकानं सगळ्यांसमोर "तुझ्यानं होणार नाही, ढोल घे" असं सांगितलं होतं. तुम्ही त्याचा रुमाल पाहिलात, तारेबद्दल चकार शब्द काढला नाहीत. दुसऱ्या ट्रम्पेटचा कागद पुढे ओढलात आणि म्हणालात, "पहिला ट्रम्पेट ओरडायला. बोलायचं काम दुसऱ्याचं. मोठ्या बँडात सोलो बहुतेक त्याच खुर्चीवर असतो." मग खिशातली पेन्सिल काढून सोलोच्या जागी, रिकाम्या बारांखाली, म्हणजे तालाच्या रिकाम्या घरांखाली, मधल्या पट्टीतले चार सूर लिहिलेत. वर त्याचं घरातलं लाडाचं नाव. ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मला आजतागायत माहीत नाही. "यातलं काहीही वाजव. चुकलास तर तेच पुन्हा वाजव, लोकांना वाटेल मुद्दाम केलं." पोरगा हसला. तोंड उघडून हसला, तारेसकट. त्याच्या आईला हे सांगताना मला रडू आलं होतं, तेवढं चालवून घ्या.

रिक्षाचे पैसे घेतले नाहीत, मानधनाचं पाकीट पेटीवर ठेवून गेलात. कोंडाजीचा चिवडा दिला तोही बँडातल्या पोरांत वाटून टाकलात. अशी माणसं अजून आहेत आणि बसनं येतात, याचं मला इतकं नवल वाटलं की तुम्ही गेल्यावर बराच वेळ दिवा न लावता संगीत कक्षात बसून होते.

तुमची पेन्सिल इथेच राहिलीय. त्याच्या ट्रम्पेटच्या पेटीत आहे, मागितली तर देत नाही. तार दिवाळीनंतर निघणार असं डॉक्टर म्हणालेत, पण त्यानं मला आत्तापासूनच बजावून ठेवलंय, निघाली तरी मला पहिल्या ट्रम्पेटला न्यायचं नाही. आता हे त्याला काय समजवायचं ते तुम्हीच येऊन समजवा. शनिवारी सकाळी आठला तालीम असते.

तुमची,
संगीताच्या बाई