वाळूवर लॉन टाकू नकोस

नागपूर, एप्रिल

प्रिय शालू,

संक्रांतीपासून तुला पत्र लिहायचं राहून गेलं. फोनवर रागावलीस ते बरोबरच होतं. पण काल रात्री तुझा फोटो पाहिला आणि लिहायलाच बसले. बेसातल्या तुझ्या नव्या घरापुढे वाळूचा ढीग! अगं, पुन्हा वाळू? नंदाताईंच्या अंगणापायी आपण दोघी आठ दिवस बोललो नव्हतो, विसरलीस का? मी तेव्हाही नको म्हणत होते, आजही नकोच म्हणते.

माळीदादा म्हणतात तसं काळ्या मातीवर ४ इंच वाळू पसरून वर कार्पेट लॉनचे रोल टाकलेस, तर अक्षयतृतीयेला वास्तुशांतीच्या फोटोत ते झकास दिसेल. जुलैत काय होईल ते ऐक. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी खाली उतरतच नाही. वरची वाळू मग परातीसारखी भरून राहते. मुळं त्या पाण्यात कुजतात, गवत पिवळं पडून जागोजागी चट्ट्यांनी मरतं. जे वाचेल त्याच्याखाली दिवाळीनंतर माती आकसून भेगा पडतात आणि वाळू त्या भेगांत उतरते. जमीन खालीवर होते ती वेगळीच.

मातीत कालवली तरी चालेल, असं तू म्हणशील. थोडीशी कालवली तर वाळलेली माती विटेसारखी आवळते. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, आणि तेवढी घालण्यापेक्षा शेणखत स्वस्त नि गुणाचं. त्याने मातीचे कण रवाळ होतात, हवा खेळते, पाणी मुरतं. एवढं एक पटलं तर आपलं जुनं भांडण मी तुझ्या बाजूने मिटवायला तयार आहे!

तर असं कर. आधी जमीन भिजव आणि वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की फूटभर खोदून घे. चिखलात खोदशील तर ढेकळं दगड होतील. बांधकामाचा चुरा, सिमेंट, प्लास्टरचे खपले एकूण एक वेचून काढ. त्यातला चुना मातीत राहिला की गवताला लोह मिळत नाही, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो. लोक त्यावर युरियाच ओतत बसतात. नागरमोथ्याच्या गाठी हाताने वेचायच्या, कुदळीने नुसत्या तोडल्या तर एकाच्या चार होतात. मग मे महिनाभर ढेकळं उन्हात पडू दे. ४५ अंशांचं ऊन फुकट मिळतंय, ते वाया का घालवायचं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात २ इंचांचा थर बसेल एवढं जुनं, चाळलेलं शेणखत मिसळ. तुझ्या ५०० चौरस फुटांना पाऊण ब्रासहून (ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडं जास्त लागेल. कच्चं शेण अजिबात नको. त्याच्यासोबत मुळं खाणारी हुमणीची अळी आणि उदई म्हणजे वाळवी, दोन्ही येतात. घराकडून कंपाउंडकडे उतार दे, २५ फुटांना ३ इंच. उताराच्या टोकाला फूटभर रुंद, दीड फूट खोल चर खणून विटांचे तुकडे भर आणि त्याचं पाणी बाहेर काढून दे. दोनदा पाणी देऊन जमीन बसू दे, खड्डे भर, मगच रोलर फिरव.

रोल नकोत, हरळीच्या जातीची सिलेक्शन वन घे. पावसाने नीट धरलं की २-३ पेरांचे तुकडे ३-३ इंचांवर रोव, एक पेर मातीत गेलंच पाहिजे. साधारण ४० दिवसांत जमीन झाकते. पहिली कापणी धारदार पात्याने आणि वरचा तिसरा भागच. एकदम खाली घेतलंस तर पिवळे खुंट उरतील. त्यानंतर चौरस मीटरला ५ ग्रॅम युरिया, म्हणजे तुला २३० ग्रॅम, २३ लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी झारीने दे आणि लगेच साध्या पाण्याने पानं धू. पावसाळ्यात दीड इंच उंची ठेव, उन्हाळ्यात २ इंच.

आंब्याखाली मात्र हरळीचा हट्ट धरू नकोस. तिला रोज ६ तास ऊन हवं. तिथे सावलीत वाढणारं लिली टर्फ लाव. चराच्या कडेला दीड-दीड फुटांवर वाळा लाव, मुळं सरळ खोल जाऊन माती धरून ठेवतील. बी न धरणारी दक्षिणेकडची जात घेतलीस तर पसरण्याची भीती नाही, आणि माठात टाकायला घरचा वाळा. फाटकापाशी जांभळं फाउंटन गवत शोभेल. फेब्रुवारीत ते वीतभर ठेवून छाटायचं, पावसात गड्डे फोडून वाढवायचं. पम्पास नको; नातवंडांचे हात पात्यांनी कापतील.

वास्तुशांतीला खोदलेल्या भागापुढे शेणाचा सडा आणि मोठी रांगोळी घाल. त्याहून सुंदर अंगण कुठल्या रोलने होणार गं?

माझा गुडघा आहे तसाच. रोहितची बदली झाली ऐकलं, छान झालं. भाऊजींना साखर सांभाळायला सांग, बाकी भेटल्यावर.

वाळू परत पाठव. आणि आज संध्याकाळीच एक काम कर: फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा करून पाण्याने भर. जिरलं की पुन्हा भर आणि तासाभराने पट्टी लावून पाणी किती उतरलं ते मोज. अर्ध्या इंचाहून कमी उतरलं तर चर दोन फूट खोल लागेल. आकडा रात्रीच कळव, मी जागी आहे.

तुझी,
कुंदा