मांडवीचं तिकीट

डोंबिवली
रविवार, ७ जून २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, मायना बरोबर आहे ना? लाल पेन उघडू नका, पुढे चुका पुष्कळ आहेत.

आई, आधी तुझ्याशी बोलते. येत्या शुक्रवारचं, १२ तारखेचं तुझं मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट मी रद्द केलं. गुरुवारी रात्री केलं आणि तेव्हापासून सांगायचं टाळतेय. काल तू फोनवर विचारलंस, कुळथाचं पीठ किती आणू, आणि मी सरळ "दोन किलो" म्हणाले. रात्रभर झोप लागली नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं" म्हणाली असतीस. तुझ्या त्या "बरं"पुढे घरात आजवर कुणाचं चाललेलं नाही, बाबांचंही नाही. म्हणून पत्र.

रागावायचं ते सगळं वाचून झाल्यावर. बाबांना मोठ्याने वाचायला सांग. तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय हे तू लपवलंस तरी मला ठाऊक आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तू गोळ्यांचं पाकीट हातभर लांब धरून वाचत होतीस.

सोनू पाचवीत गेला आणि आमचं घड्याळच उलटं झालं. चौथीपर्यंत दुपारची शाळा होती. आता सकाळी सात दहाला घंटा आणि साडेबाराला सुट्टी. सोमवारी, १५ तारखेला शाळा उघडतेय. सकाळचं आमचं जमेल. त्याला सोडून मी आठची लोकल पकडते, दहाच्या आत फोर्टला पोचते. खरा प्रश्न दुपारचा. साडेबारा ते सात घरात कुणी नाही. तू आलीस तर तो सुटला असता, हे मलाही कळतं. पण भर पावसात साडेबाराला शाळेच्या फाटकाशी तू उभी राहणार, मग त्याचं दप्तर तूच उचलणार (नाही म्हणू नकोस, गेल्या वर्षीही उचलत होतीस), आणि वर तीन मजले. लिफ्टचं सोसायटीत गेली चार वर्षं "पुढच्या मीटिंगला घेऊ" चाललंय. तुझा डावा गुडघा पलीकडच्या खोलीतून कुरकुरलेला ऐकू येतो.

तर मागच्या गल्लीतल्या काकूंकडे त्याची सोय केलीय. त्यांचं पाळणाघर आहे. नाव पाळणाघर, पण सातवीपर्यंतची मुलं येतात. सोनूने आधी तोंड फुगवलं, "मी काय पाळण्यातला आहे?" आता आम्ही "काकूंकडे" एवढंच म्हणतो. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर आठ दिवस पाठवून पाहिला. म्हणजे माझ्या मनात एप्रिलपासूनच होतं. हो, होतं. तरी साठ दिवस आधी तुझं तिकीट काढलं ते धीर झाला नाही म्हणून. दादाला मे महिन्यात सांगितलं, तो म्हणाला, "तूच सांग, तुझं ऐकते." तो बंगळूरला बसून नेहमी हेच म्हणतो.

तू विचारशील ते सगळं मी काकूंना विचारून ठेवलंय. त्याच त्याला शाळेतून आणतात, आणखी पाच मुलांबरोबर. जेवायला रोज वरण-भात, पोळी, एक भाजी. भात मऊ करतात. तुझ्या मेतकुटाची डबी आणि तुपाची छोटी बरणी त्याच्या नावाने तिथे ठेवून आलेय. शाळेत खिचडी मिळते ती तो खातो, तरी घरी आल्यासारखं जेवण लागतंच त्याला. दप्तरात टॉवेल आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. जेवल्यावर तासभर पडायचं, मग अभ्यास, पाच वाजता खाली खेळायला. लोकल बंद पडून आम्ही दोघं अडकलोच तर काकू रात्रीही ठेवून घेतील. तुमच्या जावयांनी मंगळवार-गुरुवार घरून काम मागून घेतलंय, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस तो दुपारी घरीच. आणि तुझ्यासारखं डोक्याला तेल चोपडून देणारं तिथे कुणी नाही, हे सोनूनेच मला सांगितलं. ते काम रविवारी माझ्याकडे. मी जोरात चोळते म्हणून ओरडतो.

एवढं सगळं लिहिलं, पण खरं कारण हे नाही. काकू नसत्या तरी मी तिकीट रद्द केलं असतं.

फेब्रुवारीत बाबांना दोन स्टेंट बसले. तू जूनला इकडे येणार आणि ते गणपतीपर्यंत चिपळूणला एकटे राहणार, दरवर्षीसारखे. डॉक्टरांनी एकटं राहू नका असं म्हटलेलं नाही, हे बाबा लगेच दाखवून देतील. डॉक्टरांनी नसेल म्हटलं. मी म्हणतेय.

२०२१ च्या पुराचा तो गुरुवार मी कधी बोलून दाखवला नाही. तू इथे होतीस, सोनूचे ऑनलाइन वर्ग म्हणून मीच हट्टाने आणलं होतं तुला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाबांचा फोन लागला नाही. तू खिडकीशी बसलीस. जेवली नाहीस, रडली नाहीस, फक्त सोनूचा वर्ग सुरू झाला तेव्हा उठून त्याला हेडफोन लावून दिलास आणि परत जाऊन बसलीस. मी टीव्ही लावला होता, बाजारपेठ पाण्याखाली दाखवत होते, तो तू बंद करायला सांगितलास. बाबांनी मागच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी "२२-७-२०२१" लिहिलंय ना, २००५ च्या रेघेच्या वर? मी आले की त्या खोलीत झोपते आणि त्या रेघेकडे पाठ करते. तेव्हापासून बाबा पावसाळ्यात घर सोडत नाहीत, ते मला कळतं. तू माझ्यासाठी त्यांना सोडून येतेस, हे मात्र आता माझ्याच्याने बघवत नाही.

तू नको आहेस असं नाही गं. लिहितानाच हात थांबला. तुझा पलंग हॉलमध्ये तसाच आहे. सोनू त्यावर दप्तर फेकतो आणि मी "आजीचा पलंग आहे" म्हणून ओरडते. तुझा पितळी तांब्या मी घासून ठेवलाय.

आज त्याच्या वह्यांना कव्हरं घालत बसले होते. अठरा वह्या. पुस्तकं पहिल्या दिवशी शाळेत मिळतील, ती नंतर. यंदा हिंदी नवीन, आणि चौथीचं शिवछत्रपती संपलं म्हणून सोनूसाहेब उदास आहेत. खाकी कागद कापताना मला आपल्या पडवीतला जून आठवला. बाबा, तुम्ही कॅलेंडरची जुनी पानं जपून ठेवायचात आणि गुळगुळीत बाजू आत करून कव्हरं घालायचात. मला वर्गातल्या मुलींसारखं विकतचं कव्हर हवं असायचं, मी मुद्दाम कोपरे फाडायचे. तुम्ही न बोलता परत घालायचात. आमच्या पाचवीला पहिल्यांदा इंग्रजी आलं होतं. ए-बी-सी-डीची चाररेघी वही तुम्ही घरी आणलीत आणि आधी स्वतःच एक पान गिरवून बघितलंत. आणि आई, तू गणवेश तव्याच्या उबेवर धरून सुकवायचीस, इस्त्री फिरवली तरी पट्ट्याजवळ ओलाच राहायचा. पहिल्या तासाला थंडगार लागायचं पोटाला. परवा इथे मळभ आलं, खिडकीतून ओल्या मातीचा वास आला आणि मला उगीच वाटलं, आता तू हाक मारशील, "चिमे, छत्री घेतलीस का?"

असो. आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं.

बाबा, माळ्यावर चढायचं नाही. सामान वर टाकायला दादाने दोन माणसं ठरवलीत, बुधवारी येतील. त्यांना तुम्ही खुर्चीत बसून सांगा, "ते नाही, ते आधी." तुम्हाला तेही आवडेल. तुमच्या पुस्तकांची खोकी आधी वर जाऊ देत, भांडी मग. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या कुणी काही म्हणो, स्वतःहून बंद करायच्या नाहीत. दाढ काढायची झाली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. जिभेखाली ठेवायची गोळी शर्टाच्या खिशात हवी, कपाटात नव्हे. रोज वाचन मंदिरात जायचं असेल तर जा, तुम्हाला घरी कोंडून ठेवण्याइतकी मी मूर्ख नाही, पण पाऊस लागला असेल तर तिथेच थांबायचं. पेपर दुसऱ्यांदा वाचा. लोणच्याची फोड आठवड्यातून एकदा. आई मोजून देईल.

आई, अंगणात शेवाळ धरायच्या आत विहिरीपर्यंत झावळ्या घालून घे. गड्याला सांग, तू ओढू नकोस. विहिरीवर तशीही जायची गरज काय, नळ आहे. (कळतंय मला, नळाचं पाणी तुळशीला चालत नाही.) गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणला नव्हता. या महिन्यात चष्मा. बँकेची पुस्तकं, पेन्शनचे कागद, आधार, घराचे कागद हे सगळं त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा वरच्या मजल्यावर काकांकडे, आजपासूनच. भोंगा वाजला की दोघांनी ताबडतोब वर जायचं. बाबा भरतीची वेळ बघत बसतील, कोळकेवाडी धरणातून किती पाणी सोडलं ते विचारत बसतील. तू हात धरून ने. त्यांना तुझ्याशिवाय कुणी हलवू शकत नाही, आणि म्हणूनच तू तिथे हवीस.

जरा जास्तच बोलले. सोनू म्हणतो, मी फोनवर तुमच्याशी बोलते तेव्हा त्याच्या वर्गशिक्षिकेसारखी वाटते. शिक्षकाची मुलगी आहे, काय करणार.

बाबा, नोकरीतून रजा काढता आली नसती का, असं तुम्ही मनात म्हणाल, तोंडाने म्हणणार नाही. घराचा हप्ता आहे, आणि नवीन शाखेत जाऊन मला सहाच महिने झालेत. पण खरं सांगू, मला ही नोकरी आवडते. हे लिहायला मला चाळीस वर्षांची व्हावं लागलं.

गणपतीला आम्ही तिघं येतोय. चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी १२ ला निघायचं म्हणजे बुकिंग १४ जुलैला सकाळी आठला उघडेल. त्या दिवशी मी आठच्या लोकलऐवजी घरी लॅपटॉपसमोर बसणार, साहेबांना आत्ताच सांगून ठेवलंय. मिळालं नाही तर एसटीने येऊ, उभ्याने येऊ, पण येऊ. आणि दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेला की, तुम्ही दोघं इकडे यायचं. दोघं. एकाचं तिकीट मी काढणार नाही. तेव्हा बाबांना घर सोडून यायला कारण राहणार नाही आणि आईला सोनूच्या डोक्याला तेल लावता येईल.

बाबा, सोबत पाकिटात नावाच्या चिठ्ठ्या घातल्यात, अठरा अधिक सहा जास्तीच्या. पहिलीपासून सोनूच्या वह्यांवर तुमचंच अक्षर आहे. यंदा मी लिहायला घेतलं तर त्याने चिठ्ठी हातातून काढून घेतली, "आजोबांसारखा स तुला येत नाही." येत नाहीच. विषयांची यादी मागे लिहिलीय. हिंदीची एक विसरू नका. शाळा सोमवारी आहे, पण घाई नाही. पहिला आठवडा वही बिननावाची चालेल, त्याच्या बाईंना सांगून ठेवीन.

उद्या मृग. तुमच्याकडे पडला की कळवा.

तुमची
चिमी

ता. क. आई, कुळथाचं पीठ मात्र खरंच पाठव. दादाचा मित्र २० तारखेला गाडीने ठाण्याला येतोय, त्याच्याबरोबर. दोन किलो नको, एक पुरे. उरलेलं गणपतीत मी घेऊन जाईन. आणि भाजणी दळून झाली असेलच, तीही.